दोन आठवड्यांच्या मिशन-फेरीमागची दोनशे वर्षे

उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेतल्या एखाद्या चर्चचा गट दहा-पंधरा दिवसांसाठी परदेशी जातो. शाळेच्या भिंती रंगवतो, मुलांसाठी व्हीबीएस (सुटीतली बायबल शाळा) घेतो, आरोग्य शिबिरात हातभार लावतो, संध्याकाळी प्रार्थनासभेत आपल्या श्रद्धेची साक्ष देतो आणि परत येतो. याला ‘शॉर्ट-टर्म मिशन’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी 2005 च्या सर्वेक्षणावरून असा अंदाज मांडला की एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे 16 लाख प्रौढ चर्चसभासद अशा फेरीवर जातात. सत्तर वर्षांपूर्वी हे कोणाच्या मनातही आले नसते. मिशनरी व्हायचे म्हणजे उरलेले आयुष्य द्यायचे, एवढाच अर्थ तेव्हा ठाऊक होता.

तो अर्थ समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी 1812 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून जहाजाने निघाले. कलकत्त्यात कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. तिथून निसटून ते मुंबईला पोहोचले तेव्हा 1813 चा फेब्रुवारी उजाडला होता. नुसत्या येण्यातच वर्ष गेले! हॉल मराठी शिकले, मराठीत उपदेश करू लागले आणि 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडच्या प्रवासात एका खेड्यात पटकीने वारले. मायदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही. सिंथिया फरार 1827 मध्ये अविवाहित मिशनरी बाई म्हणून आल्या आणि 1862 मध्ये अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे शिकवण्याचे धडे घेतले, हे बहुतेकांना माहीत असते. अमेरिकन मिशनचा छापखाना, 1842 मध्ये नगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक ही सारी याच लांब मुक्कामाची फळे. त्या लोकांच्या धर्मप्रसाराबद्दल कोणाचे काहीही मत असो, ते आपल्या भाषेत आले आणि आपल्या भाषेत राहिले. पुढच्या गोष्टीत मला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो.

तरुणांना हाक देऊन परदेशी पाठवायचे, या कल्पनेचा एक धागा थेट कोल्हापुरातून निघतो. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म 1863 मध्ये कोल्हापूरचा. वडील रॉयल वाइल्डर तिथे मिशनरी. 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथे प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी सुमारे अडीचशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बोलावले होते. त्यांत हा कोल्हापुरात जन्मलेला मुलगा होता. त्याच्या पुढाकाराने महिनाभरात 100 जणांनी परदेशी मिशनसेवेसाठी नावे दिली. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यामार्फत सुमारे 20 हजार तरुण-तरुणी निरनिराळ्या देशांत गेले. नावे तरुणांनी दिली, उत्साह तरुणांचा होता, पण वचन मात्र आयुष्यभराचेच होते.

मुदत आखडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. 1958 मध्ये जेट विमाने अटलांटिकपार नियमित उडू लागली. अमेरिकन मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला, विद्यार्थ्यांना लांब सुट्या होत्या. मेक्सिकोला तर मोटारीनेही जाता येत होते. जॉर्ज व्हर्वर हा महाविद्यालयीन मुलगा 1957 मध्ये दोन मित्रांसह असाच मेक्सिकोला गेला, शुभवर्तमानाची पुस्तके वाटायला. पुढे त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही मिशन संस्था घडली. तिचे तरुण 1960 च्या दशकात युरोपातून ट्रकने, खुष्कीच्या मार्गाने भारतापर्यंत आले. लॉरेन कनिंगहॅम यांनी 1960 मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही तशीच संस्था काढली. शाळा संपवून निघालेल्या, धर्मशिक्षणाची पदवी नसलेल्या पोरांना परदेशी पाठवायचे, हे जुन्या मिशन मंडळांना पटणे सोपे नव्हते. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी ‘पीस कोअर’ ही सरकारी स्वयंसेवक संस्था सुरू केली आणि तरुणांनी काही काळ परदेशात जाऊन सेवा करावी, ही कल्पना चर्चच्या बाहेरही मान्य झाली.

या प्रवासांचे समर्थक बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. येशूने सत्तर जणांना (काही प्रतींत बहात्तर) दोघे-दोघे करून पाठवले आणि ते आनंदाने परत आले, म्हणजे तीही छोटी फेरीच होती. खरे आहे. पण त्याच अध्यायात थैली, झोळी, वहाणा बरोबर घेऊ नका, एकाच घरी उतरा आणि पुढ्यात वाढतील ते खा, असेही सांगितले आहे.

आपल्याकडे याच काळात दार उलट बाजूने अरुंद होत होते. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तिथल्या सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने 1956 च्या अहवालात परदेशी मिशनऱ्यांच्या कामावर कडक ताशेरे ओढले. आज भारतात मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे आणि पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गटाला हे ठाऊक असलेच पाहिजे, कारण चूक पाहुण्यांची झाली तरी त्याचे परिणाम इथल्या मंडळीला (स्थानिक चर्चला) सोसावे लागतात.

सर्वांत कठोर टीका चर्चच्या आतूनच झाली. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू मेक्सिकोत राहून तिथे येणाऱ्या परदेशी सेवकांना भाषा शिकवणारे केंद्र चालवत. सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदेत 1968 च्या एप्रिलमध्ये ते बोलले. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असे त्यांनी तोंडावर सांगितले. ज्यांची भाषा येत नाही, त्यांना तुमच्याबद्दल काय वाटते हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला आजही अचूक वाटतो.

पुढची चाचणी आकड्यांनी झाली. 1998 च्या मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरे पाडली. उत्तर अमेरिकेतून गट आले, घरे बांधू लागले. होंडुरासमध्ये राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी काही वर्षांनी त्या कुटुंबांना आणि बांधायला आलेल्यांना गाठले. परदेशी गटाने बांधलेले घर आणि स्थानिक संस्थेने बांधलेले घर, यांत राहणाऱ्या कुटुंबांवरच्या परिणामात त्यांना फरक आढळला नाही. एका गटाला यायला-जायला सुमारे 30 हजार डॉलर लागत आणि एक घर सुमारे 2 हजारांत होई. आपले आयुष्य बदलले, आपण जास्त देऊ लागलो, असे जाऊन आलेले अनेकजण सांगत. देणग्यांच्या नोंदी तपासल्या तर त्यांत फारशी वाढ नव्हती.

2003 मध्ये अमेरिकेतल्या अशा मिशन पाठवणाऱ्यांनी स्वतःसाठी सात मानदंड ठरवले. काम यजमान मंडळीबरोबर बसून ठरवणे, निघण्यापूर्वी प्रशिक्षण आणि परतल्यावर पाठपुरावा, हे त्यांतले तीन. ते पाळण्याची सक्ती नाही. ज्या संस्थेला पटते ती स्वीकारते.