जाळीखालचं दोन इंच पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावाला जाऊन परत यावं, तर बंद फ्लॅटमध्ये गटाराचा वास कोंदलेला. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा, त्यामुळे हे घरोघरी घडतं. मग कोणी संडासाची दिशा चुकली म्हणतं, कोणी कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवायला सांगतं. दिशेचा आणि वासाचा काडीचाही संबंध नाही. बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे तिथल्या वाकड्या भांड्यातलं, पाणी आटलेलं असतं. तांब्या-दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो.

या ट्रॅपच्या वाकात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साचून राहतं. सांडपाणी त्यातून पुढे जातं, गटारातला वायू मात्र घरात शिरू शकत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये अशा वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 300हून अधिक रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार झाला, तेव्हा तपासात कोरड्या पडलेल्या ट्रॅपकडेच बोट दाखवलं गेलं.

पण ट्रॅपमधलं पाणी आटण्यापेक्षा ते पाईपमध्ये ओढलं जाणं जास्त विलक्षण आहे. हवेचा दाब पाण्याचा सुमारे दहा मीटरचा स्तंभ पेलतो. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर, म्हणून इथे साडेनऊ. पाईपमधला दाब त्याच्या जेमतेम दोनशेव्या हिश्शाने घटला तरी ट्रॅपचं पाणी धोक्यात येतं. आणि तो घटतो. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाणी उभ्या पाईपच्या भिंतीला चिकटून पातळ थराने उतरतं आणि मधली हवा सोबत खेचत नेतं. तिची जागा घ्यायला वरून हवा आली नाही, तर ती खालच्या घरांच्या ट्रॅपमधून ओढली जाते. गुडगुड ऐकू येते ती हीच. तळाशी पाईप आडवा होतो तिथे उलटा प्रकार: पाण्याचा वेग एकदम मंदावतो, पाणी फुगतं, हवा कोंडते आणि तळमजल्याच्या नहाणीत बुडबुडे येतात. म्हणूनच तळमजल्याची लाईन वेगळी काढून थेट चेंबरला जोडणं चांगलं.

वरून हवा येते ती गच्चीवरच्या उघड्या पाईपमधून. कुरडया वाळत घालताना वास येतो म्हणून त्याच्या तोंडाला पिशवी बांधलेली मी इंदिरानगरात पाहिली आहे. ती पिशवी काढून टाका. पाईप डोक्याच्या वर न्या आणि जाळीची टोपी बसवा.

गावाला निघताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाच्या तवंगाखालचं पाणी लवकर आटत नाही.