बॉटला बटण सापडतं कसं?

‘कोडिंग नको, आरपीए शिका, आयटीत या’ अशा अर्थाच्या क्लासच्या जाहिराती पुण्यात नव्या नाहीत. दुसरीकडे हिंजवडीच्या बसमध्ये ऐकू येतं, की एआय आलं, आता आरपीए संपलं. दोन्ही बोलणाऱ्यांनी बॉट आतून पाहिलेला नसावा, असा माझा संशय आहे.

आरपीए म्हणजे रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन. त्यात हातपायवाला रोबो नसतो. ईमेलमधलं बिल उघडायचं, रक्कम उचलायची, सॅप या कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, सेव्ह करायचं: विमा कंपनीतला कारकून करतो तेच काम एक प्रोग्राम, म्हणजे बॉट, स्वतःच्या लॉगिनने करतो. तो पडद्याकडे ‘बघून’ माऊस हलवतो, हा मात्र गैरसमज.

विंडोजमध्ये उघडलेल्या प्रत्येक खिडकीमागे एक झाड असतं. खिडकीखाली फॉर्म, फॉर्मखाली चौकट, चौकटीत ‘सबमिट’ बटण. प्रत्येकाला नाव, प्रकार आणि बहुधा एक ओळखचिन्ह. हे झाड बॉटसाठी लावलेलं नाही. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ आणली, ती अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठी. पुढे तिची जागा ‘यूआय ऑटोमेशन’ने घेतली. आजचे बॉट याच झाडावरून चालतात. ब्राउझरमध्ये त्याचा भाऊ डॉम, म्हणजे वेबपानाचं असंच झाड, असतो. मला हे फार आवडतं.

झाडावरच्या वाटेला यूआयपाथ या आरपीए सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्टर म्हणतात. तो पेठेतल्या पत्त्यासारखा: अमुक गणपतीसमोर, दामलेंचा वाडा, मागचा जिना. वाडा पाडून सोसायटी झाली की पत्ता गेला. नवशिका डेव्हलपर बटण टिपतो, सिलेक्टर आपोआप तयार होतो, त्यात खिडकीचं शीर्षक ‘बिल ४४७१’ असं जसंच्या तसं अडकतं. पुढचं बिल ४४७२ असतं आणि बॉट थांबतो. जाणकार आकड्याच्या जागी ‘काहीही चालेल’ अशी तारका (*) टाकतो, ‘सातवं बटण’ असला क्रमांक काढून स्थिर ओळखचिन्ह धरतो, तेही नसेल तर शेजारच्या लेबलचा आधार घेतो. दूरच्या सर्व्हरवरचा पडदा आपल्याकडे दाखवणाऱ्या सिट्रिक्सवर तर सहसा झाडच पोहोचत नाही, नुसतं चित्र येतं. मग ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणं), प्रतिमा जुळवणी आणि डोकेदुखी.

एका कंपनीत बुध वक्री असताना बॉट लाइव्ह करू नये, असं गंभीरपणे सुचवलेलं मी ऐकलंय. बुधाला सिलेक्टर माहीत नाहीत. महिनाअखेरीची हिशेबाची गर्दी टाळा, ते पुरे.

आता नोकरीचं. डॅनियल डिनेस आणि मारियुस तिर्का यांनी २००५ मध्ये बुखारेस्टला सुरू केलेली यूआयपाथ एप्रिल २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शेअरमागे ५६ डॉलरने उतरली. पुढे भाव त्याच्या तिसऱ्या हिश्श्याखाली गेला. लाट ओसरली, पण कंपन्यांत बसवलेले बॉट राहिले. ते सांभाळायला माणूस लागतो, आणि पुण्यातल्या खराडी, मगरपट्टा, हिंजवडीच्या बॅकऑफिसांत हे काम आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने आणि जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयने पडद्याचं चित्र बघून क्लिक करणारी एआय साधनं आणली. वाडा पाडला तरी ती चाचपडत दार शोधू शकतात. पण रोजच्या हजार नोंदी अगदी तशाच व्हाव्यात आणि ऑडिटरला कारण दाखवता यावं, तिथे ठरलेल्या वाटेचा बॉट स्वस्त आणि भरवशाचा. जिथे एपीआय, म्हणजे प्रोग्रामना एकमेकांशी थेट बोलायचं दार, आहे, तिथे मात्र दोघांचीही गरज नाही, हे सांगण्याची हिंमत असणारा डेव्हलपर मला जास्त टिकाऊ वाटतो. नुसतं रेकॉर्डर दाबता येणाऱ्याचं अवघड आहे. बिल दोनदा भरलं जाणार नाही याची काळजी, जीएसटी क्रमांक चुकीचा असणं आणि सर्व्हर पडणं या वेगळ्या चुका आहेत हे ओळखणं, थोडं सीशार्प किंवा पायथन, एसक्यूएल, आणि लेखा विभागातल्या बाईंकडून ‘कधीकधी असंही होतं’ ते सगळं काढून घेणं: पगार याचा मिळतो.

क्लासची फी भरण्याआधी मायक्रोसॉफ्टचं आरपीए साधन पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप उतरवून घ्या. विंडोज १० वाल्यांना ते मार्च २०२१ पासून मोफत आहे. त्यात कॅल्क्युलेटरचं एक बटण टिपा आणि सिलेक्टर उघडून वाचा. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावून त्याच बटणावर या. बटणाचं नाव ऐकू येईल, त्याच झाडावरून आलेलं.