गिल्ड व युद्धनौका यांची संलग्नता

शहरातील जुन्या व्यवसायसंघाने, म्हणजेच गिल्डने, नौदलाच्या एका ठरावीक युद्धनौकेशी जोडलेले औपचारिक नाते. ही प्रथा मुख्यतः ब्रिटनमधली. लंडनच्या ‘सिटी’ या जुन्या व्यापारी भागात शंभराहून अधिक लिव्हरी कंपन्या आहेत. नाव कंपनी असले तरी त्या नफ्यासाठी चालत नाहीत. सोनार, शिंपी, कापडवाले, जहाज बांधणारे अशांचे ते संघ असून त्यांतले कित्येक मध्ययुगापासून चालत आले आहेत. अनेक संघांनी रॉयल नेव्हीचे एखादे जहाज आपले मानले आहे.

व्यवहार साधा असतो. कप्तान व खलाशी संघाच्या सभागृहात मेजवानीला येतात, सभासद जहाज पाहायला जातात, चांगल्या खलाशाला संघ बक्षीस देतो. ज्यांचा समुद्राशी एरवी काडीचाही संबंध नाही, त्यांना जहाजावरची माणसे ओळखीची होतात. या प्रथेचे खरे मोल तेच.

शहराची कारागिरी जहाजावर कशी उतरते, हे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे नाव असलेल्या ‘शेफील्ड’ या क्रूझरवर, म्हणजे वेगवान युद्धनौकेवर, दिसले. तिचे जलावतरण १९३६ साली झाले. खाऱ्या हवेत पितळ काळवंडते आणि खलाशांना ते सतत घासत बसावे लागते. म्हणून पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या नावाच्या जहाजावर बऱ्याच ठिकाणी पितळेऐवजी स्टेनलेस स्टील बसवले. त्यावरून ती ‘शायनी शेफ’, म्हणजे चकचकीत शेफील्ड, झाली. १९६७ साली ती भंगारात गेली. तिची स्टीलची घंटा शेफील्डच्या कॅथीड्रलमध्ये आहे. त्याच नावाच्या दुसऱ्या नौकेवर ४ मे १९८२ रोजी ब्रिटन व अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड युद्धात क्षेपणास्त्र आदळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी शहरालाही ते आपल्या घरचे दुःख वाटते.

भारतीय नौदलात असे नाते लष्कराच्या रेजिमेंटशी जुळते. राजपूत रेजिमेंटशी संलग्न झालेली ‘आयएनएस राजपूत’ ही त्यांतली पहिली नौका. ती २०२१ मध्ये निवृत्त झाली.

‘ऑनरेबल कंपनी ऑफ मास्टर मरिनर्स’ हा १९२६ साली स्थापन झालेला जहाजकप्तानांचा संघ तर युद्धनौकेतच राहायला गेला. दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईत व्यापारी जहाजांच्या काफिल्यांचे रक्षण केलेली, १९३४ साली बांधलेली ‘वेलिंग्टन’ ही युद्धनौका संघाने घेतली आणि १९४८ पासून ती लंडनमध्ये टेम्स नदीवर ‘टेम्पल’ या भागाजवळ नांगरून ठेवली. इंजिन आणि बॉयलर जिथे होते तिथे संघाचे सभागृह झाले. आत चढण्या-उतरण्यासाठी नक्षीदार लाकडी जिना बसवला, तोही एका जुन्या प्रवासी बोटीतून काढून आणलेला. २०२३ साली संघाने ही जागा सोडली.