मेल्यावर प्रश्न पडतात का?

पितृपक्षात पैठणला गोदाकाठी पिंड ठेवले जातात, तीळ-पाणी सोडले जाते. मेलेल्याला भूक लागते, तहान लागते, घरच्यांची ओढ असते, एवढे आपल्या विधींनी धरून चालले आहे. त्याला एखादा प्रश्न पडत असेल, काही समजून घ्यायचे राहून गेले असेल, ही कल्पना मात्र श्राद्धाच्या कुठल्याच पानावर वाढलेली दिसत नाही. तरी हा विचार मराठवाड्याला परका नाही. गोदेच्या या पट्ट्यात त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि ती एकमेकांशी फारशी जुळत नाहीत.

मुळात उपनिषदांतच घोळ आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी सांगतो की देह सोडून जाणाऱ्याबरोबर विद्या, कर्म आणि पूर्वप्रज्ञा, म्हणजे आधीच्या अनुभवाची समज, जातात. तोच याज्ञवल्क्य आपली पत्नी मैत्रेयी हिला म्हणतो, मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही. मैत्रेयी चक्रावते आणि तसे स्पष्ट बोलूनही दाखवते. त्यावर त्याचा खुलासा असा: दुसरे काही असेल तरच पाहणे, ऐकणे, जाणणे, सारे आत्माच होऊन गेले तर कोणी कोणाला जाणायचे? म्हणजे मुक्ताला ज्ञान असेलही, पण शोध नाही. शोधायला काहीतरी न सापडलेले शिल्लक लागते.

अर्जुनाची काळजी जास्त व्यवहारी होती. साधना अर्धवट टाकून जो मेला त्याचे काय, हे तो गीतेच्या सहाव्या अध्यायात विचारतो. कृष्ण सांगतो की असा माणूस पुण्यवंतांच्या लोकी पुष्कळ काळ राहतो, मग चांगल्या घरात जन्मतो आणि मागच्या देहातली बुद्धी त्याला परत मिळते. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा या जागी ते चांगलेच रमले. अशा मुलाला बाळपणीच सर्वज्ञता वरते, मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही, शास्त्रे मुखातून आपोआप निघतात, असे ते म्हणतात. या ओव्या सांगणारा परंपरेप्रमाणे पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्या वाचताना हे वय डोक्यातून जात नाही.

पण मधल्या काळाचे काय? स्वर्गात तो माणूस काय शिकला, याबद्दल एक अक्षर नाही. तिथे पुण्य खर्च होते, अभ्यास पुढे सरकत नाही. हीच गोष्ट पैठणच्या एकनाथांना फार महत्त्वाची वाटत असणार. भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावरची टीका त्यांनी 1573 मध्ये काशीला पुरी केली, त्यात म्हटले आहे की स्वर्गातले काय आणि नरकातले काय, दोघेही मनुष्यजन्मच मागतात, कारण ज्ञान आणि भक्ती साधायची तर याच देहाने. थोडक्यात, स्वर्गात सगळे मिळते, फक्त शाळा नाही.

लोककथेची समजूत वेगळी. सातवाहनांचे पैठण म्हणजे प्रतिष्ठान, आणि गुणाढ्याची कथा तिथलीच. राजाला संस्कृत सहा महिन्यांत शिकवता येणार नाही, ही पैज तो हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या रानात गेला. तिथे त्याला काणभूती नावाचा पिशाच भेटला. हा मूळचा यक्ष, शापाने पिशाच झालेला. शिवाने पार्वतीला सांगितलेली महाकथा त्याच्यापाशी होती, आणि ती योग्य माणसाच्या हाती दिली की त्याची सुटका होणार होती. गुणाढ्याने ती त्या पिशाचाच्याच भाषेत, म्हणजे पैशाचीत, शाईअभावी रक्ताने, सात लाख श्लोकांत लिहिली. राजाने नाकारली तेव्हा त्याने सहा लाख जाळले; उरलेल्या एका लाखाची बृहत्कथा झाली. ही इतिहासाची नोंद नाही, सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सांगितलेली आख्यायिका आहे. पण तिचा पाया लक्षात घेण्यासारखा आहे. पिशाचाला अडकवते ते त्याला ठाऊक असलेले आणि अजून कोणाला न दिलेले. विद्येच्या ताठ्यापायी मेल्यावर ब्रह्मराक्षस झालेल्या पंडिताच्या गोष्टी आजही पिंपळाखाली सांगितल्या जातात. तोही याच भावकीतला. या भुतांना नवे शिकायचे नसते, आधीचे उतरवायचे असते.

खुलताबादच्या सुफी परंपरेत हा हिशेब सरळ मांडलेला सापडतो. माणूस मेला की त्याचे कर्म थांबते, तीन गोष्टी सोडून, असे एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आहे: चालू राहणारे दान, इतरांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारे अपत्य. इथे 1337 मध्ये वारलेल्या सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांची वचने मुरिदांनी, म्हणजे शिष्यांनी, फारसीत टिपून ठेवली ती उगाच नव्हे.

बौद्धांनी तर प्रश्नच उलटा धरला. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्याच्या ओसरीत भवचक्र, म्हणजे जन्ममरणाचे चाक, रंगवलेले आहे, आज बरेच झिजलेले. त्यामागच्या बारा कड्यांच्या साखळीत पहिली कडी अविद्येची. जन्मामागून जन्म चालवते ते न कळणे. मग जातकांतला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतला, बोधिसत्त्व जन्मोजन्मी प्रज्ञा साठवतो कुठे, ही शंका रास्तच.

तशीच शंका मिलिंद या ग्रीक राजाने नागसेन या बौद्ध भिक्खूला विचारली: काहीच इथून तिथे जात नाही, तर पुनर्जन्म कसा? नागसेनाने उलट विचारले, लहानपणी गुरूकडून एखादा श्लोक शिकलास ना? मग तो गुरूला सोडून तुझ्याकडे आला का? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेल्या महाविद्यालयाला या राजाचे नाव आहे आणि परिसराला नागसेनवन. शिकणाऱ्यांसाठी इतकी चपखल नावे क्वचित सापडतात. बाबासाहेबांनी स्वतः, मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारला. देहातली द्रव्ये निसर्गात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात, एवढेच त्यांनी मान्य केले. त्या हिशेबात जिज्ञासा पुढे न्यायला श्लोकासारखा एकच रस्ता राहतो, आणि त्यासाठी दोघेही जिवंत असावे लागतात.