कोकणात निघताय? तारखेआधी तिथी बघा

भरती किती वाजता, असं कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. तो घड्याळाकडे बघत नाही, आज तिथी कुठली ते विचारतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ हाती येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला नि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो, हिशोब तोच. भरतीत सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ निघते.

यामागचं खगोलशास्त्र सरळ आहे. चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला दोन फुगवटे येतात. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं कमी, म्हणून फुगवटा दोन्हीकडे. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दिवसातून दोनदा त्या फुगवट्यांतून जातो. दरम्यान चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. पंधरा तिथींत हा उशीर बरोबर बारा तासांचा होतो, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. काटेकोर गुणायचं तर चार-पंचमांशने गुणायला हवं. पण पाऊणकी पूर्वी शाळेत पाठ करून घेत, चार-पंचमांशाचा पाढा कोणी केला? शिवाय हा उशीर रोज सारखा नसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तो कमी भरतो, अष्टमीच्या आसपास जास्त. त्यामुळे उत्तर तासभर इकडेतिकडे होऊ शकतं. सहलीचा बेत आखायला एवढं पुरे. पाण्यात उतरायचं असेल तर मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं बघावीत आणि तिथल्या होडीवाल्याला विचारावं.

या हिशोबातून निघणारी एक गोष्ट पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही. एखाद्या तिथीला संध्याकाळी किनारा कसा दिसेल, हे आधीच ठरलेलं असतं. पौर्णिमा आणि अमावास्येला संध्याकाळी ओहोटी असते. सूर्य बुडताना पुळण लांबच लांब उघडी पडलेली, ओल्या वाळूवर आकाशाचा रंग उतरलेला. अष्टमीला त्याच वेळी भरती असते आणि पाणी सुरूच्या बनाच्या बाजूला सरकलेलं असतं. गुहागरचा किनारा बघून आलेल्या दोन कुटुंबांची वर्णनं जुळत नाहीत, तेव्हा त्यांची तिथी वेगळी असण्याची शक्यता बरीच.

वेळेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी किती चढतं नि किती उतरतं. सूर्यही पाणी ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. पौर्णिमा-अमावास्येला दोघे एका रेषेत येतात नि उधाण येतं. अष्टमीला दोघे काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती. पाणी थोडं चढतं, थोडंच उतरतं. उधाणाचा कळस नेमका पौर्णिमेला नसतो, एक-दोन दिवसांनी येतो. म्हणून खडपांवरचे जीव बघायचे असतील तर माझी पसंती द्वितीयेला. दोन पाऊणे दीड, त्यात सव्वासहा. म्हणजे पावणेआठच्या सुमारास ओहोटी. उन्हं कोवळी असतात आणि पाणी एरवीपेक्षा बरंच मागे गेलेलं असतं.

रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर अशा सकाळी पाण्याच्या दिशेने सावकाश चालत जा. सगळ्यात वरच्या खडकाला बार्नेकलचे पांढुरके, पायाला टोचणारे कवच चिकटलेले असतात. हे जीव खेकड्याच्या दूरच्या नात्यातले. डोकं खडकाला चिकटवून बसतात आणि पाणी आलं की पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न गाळून खातात. ओहोटीत कवचाची दारं घट्ट बंद. त्याखाली कालवांचा पट्टा लागतो. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तिथे अनवाणी जाऊ नये. आणखी खाली, जिथलं पाणी थोडाच वेळ ओसरतं, तिथे खडकावर चिकट, मऊसर गादी पसरलेली दिसते. ती वनस्पती नव्हे. ते झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे भाऊबंद, पाण्याबाहेर तोंडं मिटून बसलेले. त्यांच्यातल्या काही जातींत तीव्र विष असतं, तेव्हा बोट लावायचा मोह टाळा. वरच्या पट्ट्यातला जीव उन्हात तासन्‌तास सुकणं सोसू शकतो, खालच्याला ते जमत नाही, म्हणून हे थर पडलेले.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत किंवा घोडागाडीतून गाठता येतो. परतीला उशीर करणारे अडकतात, कारण पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत ते साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढतात. पहिल्या तासात बारावा हिस्सा, म्हणजे काही घडत नाहीसं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मा चढ होऊन जातो. किल्ल्यात निवांत फोटो काढून तटावरून खाली बघावं, तर वाट बुडालेली. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधीच निघावं नि पाणी फिरलं की परतावं.

मग भांगाच्या दिवसांत काय करायचं? स्नॉर्केलिंग. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत प्रवाळ आहेत. हा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात येतो. तिथे पाणी किती नितळ, यावर सगळी मजा अवलंबून. उधाणाच्या दिवसांत जास्त पाणी तेवढ्याच वेळात ये-जा करतं, प्रवाहाला जोर असतो आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमी-नवमीला प्रवाह मंदावतात, गाळ खाली बसतो. थंडीत, वारा पडलेला असताना अष्टमी गाठली तर उत्तम. पर्यटकांची गर्दी मात्र चांदण्यासाठी पौर्णिमेला, याला काय म्हणावं!

दाभोळ-चिपळूण बाजूला वाशिष्ठीच्या खाडीत मगरी बघायलाही अष्टमीच बरी. मगर थंड रक्ताची. हिवाळ्यात अंग तापवायला ती उन्हात येऊन पडते, आणि त्यासाठी तिला ओहोटीत उघडा पडलेला चिखल लागतो. अष्टमीला ओहोटी दुपारी येते, म्हणजे ऊन आणि चिखल दोन्ही एका वेळी. फक्त खाडीत आत भरती-ओहोटी मुखापेक्षा उशिरा पोचते, हे धरून होडी ठरवावी.

हेदवीची बामणघळ याच्या उलट. तिथे हवी उधाणाची भरती. किनाऱ्यालगतच्या काळ्या खडकात एक अरुंद, खोल भेग आहे. लाट तीत शिरली की बाजूला पसरायला जागाच नसते, मागून पाण्याचा रेटा असतो आणि पुढे भिंत. मग पाणी उसळून उंच फवारा उडतो. ओहोटीत हीच घळ बघितली तर एवढा गाजावाजा कशाचा, असं वाटतं. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी अकराच्या आत पोचा आणि कडेपासून लांब उभे राहा, कारण खडक शेवाळाने निसरडा असतो आणि तिथे माणसांचे जीव गेलेले आहेत.

पाऊणकीला कळत नाही ते वाऱ्याचं नि हवेच्या दाबाचं. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर चढते. वादळात वारा त्यात आणखी भर घालतो. पावसाळ्यात लाटांची उंची तर कुठल्याच तिथीच्या हिशोबात बसत नाही. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते आणि सिंधुदुर्गाच्या होड्याही पावसाळ्यात थांबतात. त्या दिवसांत समुद्र रस्त्यावरूनच बघावा.