शोरूमच्या एस्टिमेटला ‘हो’ म्हणण्याआधी चासी नंबर तपासून घ्या
पिकअप, छोटा हत्ती आणि ट्रकमालकांसाठी

गाडी आमच्या गॅरेजच्या गेटातून आत आली की आमचा मुलगा आधी आरसी मागतो आणि चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा ओळख क्रमांक, लिहून घेतो. यावर रोज कुणी ना कुणी चिडतं. “शेठ, संध्याकाळी टोमॅटो भरून वाशीला निघायचंय, आधी बोनेट उघडा!” घाई आम्हालाही कळते. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. पण ही दहा-पंधरा मिनिटं आम्ही का घेतो, ते एकदा नीट सांगतो.

गाडी बनतानाच एखाद्या पार्टात खोट राहिली आणि ती जिवाला धोक्याची असली, तर कंपनी त्या काळात बनलेल्या गाड्या माघारी बोलावते. हाच रिकॉल. आपली गाडी त्यात आहे का, ते चासी नंबरवरून कळतं. पार्ट आणि मजुरी दोन्ही कंपनीकडे. महिंद्रानं २०२१ च्या ऑगस्टमध्ये २९,८७८ पिकअप फ्लुइड पाइप बदलायला बोलावल्या होत्या. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या. मारुतीनं २०१८ मध्ये सुपर कॅरीच्या ६४० गाड्या फ्युएल पंप तपासायला बोलावल्या. म्हणजे हे फक्त महागड्या कारवाल्यांचं प्रकरण नाही, आपल्या मालवाहू गाड्याही यात येतात.

वॉरंटी वेगळी, रिकॉल वेगळा. वॉरंटी संपली म्हणून रिकॉलचा हक्क आपोआप संपत नाही. पूर्वी हे सगळं कंपन्यांच्या मर्जीवर होतं. २०१२ पासून सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेचे ऐच्छिक नियम होते, तेवढेच. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी सरकार आता कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे.

आता ज्या एका समजुतीपायी सर्वांत जास्त पैसा आणि दिवस वाया जातात, ती सांगतो. “रिकॉल असता तर कंपनीचा फोन आला असता की!” फोन येतो, पण कंपनीच्या वहीत ज्याचा नंबर आहे त्याला. तुम्ही गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर तो नंबर पहिल्या मालकाचा. आरसी तुमच्या नावावर झाली म्हणून शोरूमच्या कॉम्प्युटरात तुमचा मोबाईल आपोआप चढत नाही.

निफाडकडचे आमचे एक द्राक्षवाले गिऱ्हाईक. सेकंडहँड पिकअप. ब्रेक मऊ लागायला लागला म्हणून शोरूमला गेले, एस्टिमेट पाहिलं, पैसे भरले, गाडी घेऊन आले. महिन्याभरानं क्लचच्या कामाला आमच्याकडे आले तेव्हा चासी नंबर तपासला, तर तोच पार्ट रिकॉलमध्ये. परतावा मागायला गेले, तर जुना पार्ट दाखवा म्हणाले. तो शोरूममध्येच राहिला होता. बिलावर पार्ट नंबर नाही, नुसतं ‘ब्रेक वर्क’. चार हेलपाटे झाले, दोन भाडी बुडाली आणि शेवटी त्यांनी नाद सोडला. माणूस आमच्या बाकावर बसून ते बिल उलटसुलट करून पाहत होता, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

म्हणून एस्टिमेटवर सही करण्याआधी चासी नंबर द्या आणि थेट विचारा, “यावर रिकॉल बाकी आहे का?” नंबरप्लेटचा फोटो पुरत नाही. चासी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. आरसीची प्रत मोबाईलवर असेल तर काही वेळा शेवटचे आकडे झाकलेले दिसतात. तशी प्रत चालत नाही. मग चासीवर ठोकलेला नंबर पाहायचा. बहुतेक पिकअपला तो उजव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ सापडतो. डिझेलच्या फडक्यानं ग्रीस पुसा, वरून खडू घासा, आकडे पांढरे उठतात. गोल दिसेल ते शून्यच समजा, कारण इंग्रजी ओ, आय आणि क्यू ही अक्षरं या नंबरात वापरतच नाहीत. एक अक्षर चुकलं तरी उत्तर चुकीचं येतं.

रिकॉल निघाला तर ते काम आम्ही करत नाही. ते कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच होतं. “हातचं काम घालवता?” असं काहीजण विचारतात. जे काम तुम्हाला फुकट मिळायचं आहे, त्याचे पैसे आम्ही घेणार नाही. तिथे रिकॉलचं जॉब कार्ड वेगळं काढायला सांगा, म्हणजे बाकीची कामं त्याच बिलात मिसळणार नाहीत. लायनर, क्लच प्लेट, पाटे हे झिजणारे पार्ट साधारणपणे रिकॉलमध्ये येत नाहीत. ती कामं आमच्याकडे जरूर आणा. प्रत्येक बिलावर पार्ट नंबर लिहिलेला असतो आणि जुना पार्ट पिशवीत घालून तुमच्या हातात देतो.

फुकटच्या कामाचे पैसे कुणी मागितले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

चासी नंबर तपासायचे आम्ही पैसे घेत नाही, काम दुसरीकडे करायचं असेल तरीही. आरसीचा स्पष्ट फोटो रात्री पाठवून ठेवलात तर सकाळी गाडी लावेपर्यंत उत्तर तयार असेल, आणि गेटावरची ती पंधरा मिनिटंही वाचतील.