सीएस वेगळे, डीएचओ वेगळे, मग तक्रार कुणाकडे करायची?

आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी टाकतंच, "पीएचसीत डॉक्टर नसतात, चला सिव्हिल सर्जनना निवेदन देऊ". अहो पण पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यांच्याकडे नाहीच! ते निवेदन तिथे आवक होणार, मग झेडपीकडे पाठवलं जाणार, आणि तोवर महिना गेलेला असतो.

जिल्ह्यात सरकारी आरोग्याचे साहेब दोन. जिल्हा शल्यचिकित्सक म्हणजेच सिव्हिल सर्जन, सीएस, यांच्याकडे खाटांचे दवाखाने, म्हणजे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, आणि तालुक्याचं ते 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय ज्याला आपण आरएच म्हणतो. आरएचला वैद्यकीय अधीक्षक असतात ते सीएसच्या हाताखाली. दिव्यांग सर्टिफिकेटही याच बाजूला. नावात शल्यचिकित्सक आहे म्हणून ते सर्जनच असतील असं नाही बरं का, इंग्रजांच्या काळात लष्करी डॉक्टरांपासून वेगळे म्हणून सिव्हिल, आणि गावात अजून "सिव्हिलला नेलं" म्हणतात ते त्यामुळेच.

डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, हे झेडपीचे, तिथल्या सीईओंच्या म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली. 1 मे 1962 ला झेडपी सुरू झाल्या तेव्हापासून खेड्यातलं प्राथमिक आरोग्य तिकडे आणि मोठी रुग्णालयं राज्याकडे अशी वाटणी आहे. पीएचसी, उपकेंद्र, आरोग्यसेविका, आशाताई, लसीकरण, साथ आली की घरोघर सर्व्हे, हे सगळं डीएचओंचं, तालुक्याला त्यांचे टीएचओ, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी. निकष म्हणाल तर सपाट भागात 30,000 लोकांमागे एक पीएचसी आणि 5,000 मागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 20,000 आणि 3,000.

आणि जिथे सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, जसं अलिबाग किंवा सिंधुदुर्ग, तिथे जिल्हा रुग्णालय कॉलेजला जोडलं जातं आणि डीन म्हणजे अधिष्ठाता येतात, ते वैद्यकीय शिक्षण खात्याचे. सीएसचं पद राहतं पण आरएच आणि उपजिल्हा रुग्णालयांपुरतं. म्हणून आधी गेटवरची पाटी वाचा.

आता मला खरं बोलायचंय ते वेगळंच. दोन साहेब असण्याला माझा विरोध नाही, गावोगाव फिरून साथ थांबवणं आणि ऑपरेशन थिएटर चालवणं ही कामं खरंच वेगळी आहेत. पण पेशंट तर एकच असतो ना. माझ्या मामेबहिणीला आठव्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून पीएचसीतून आरएचला पाठवलं, तिथे भूलतज्ज्ञ नव्हते म्हणून तिथून जिल्ह्याला, आणि हातात चिठ्ठी काय तर "पुढील उपचारासाठी रेफर" एवढीच, आधी बीपी किती होतं, कुठलं इंजेक्शन दिलं, काहीच नाही. पीएचसीच्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये सगळं लिहिलेलं होतं हो, पण ते रजिस्टर एका साहेबाचं आणि खाट दुसऱ्या साहेबाची! जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं आणि त्यात जो वेळ गेला तो मी विसरू शकत नाही. बहीण आणि बाळ दोघं वाचले.

म्हणून मला वाटतं साहेब चांगला की नाही हे त्याच्या इमारतीच्या रंगरंगोटीवरून बघू नका. टीएचओ आणि आरएचचे अधीक्षक आठवड्यातून एकदा तरी बोलतात का, पेशंट निघायच्या आधी फोन जातो का, बाळंतीण घरी परतली की तिथल्या आशाताईला कळतं का, हे बघा. जिल्ह्यात वरच्या दोघांचं जमत असेल तर खाली सिस्टर न घाबरता थेट आरएचला फोन लावते, नसेल जमत तर चिठ्ठी लिहून मोकळी होते, आणि त्यात मी तिला एकटीला दोष देणार नाही.

तेव्हा पीएचसीची तक्रार टीएचओ आणि डीएचओंकडे, आरएचची अधीक्षक आणि सीएसकडे, आणि पेशंट दोघांच्या मध्ये अडकला असेल तर एकच अर्ज दोघांच्या नावाने करा, प्रत कलेक्टरांना, आणि रेफर चिठ्ठीची झेरॉक्स जोडायला विसरू नका.